थडग्यावरचं दगडफूल

«ताई, नमस्कार. माझं वय ४७. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडात आलो, रेडिंगला राहतो. मागच्या वर्षी रक्ततपासणीत साखर काठावर निघाली. जिममध्ये जीव रमेना, म्हणून शेजारणीच्या नादाने एका गटात जायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा-वीस जण जमतात, दोन-अडीच किलोमीटर धावत कुठेतरी जातात, तासभर लोकोपयोगी काम करतात आणि धावत परत येतात. या उन्हाळ्यात एका जुन्या चर्चच्या आवाराचं काम होतं. तण उपटायचं, वाटा मोकळ्या करायच्या. मला आवडायला लागलं होतं.

चौथ्या गुरुवारी मी घरून तारेचा ब्रश आणि ब्लीचची बाटली घेऊन गेले. एक थडगं शेवाळाने अगदी माखलेलं होतं, ते घासून लख्ख केलं. तेवढ्यात तिथले चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची देखभाल बघणारे आजोबा लगबगीने आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘प्लीज, थांबा. हे करू नका.’ नंतर गोड बोलले, चहाही दिला. पण माझ्या कानात तेच राहिलं. त्यानंतर पाच गुरुवार मी गेलेले नाही.

सासूबाई पहिल्या दिवसापासून फोनवर म्हणताहेत, ‘तिन्हीसांजेला थडग्यांत कशाला जातेस, घरात देव आहेत.’ मंडळातली मैत्रीण म्हणते, ‘आधी गवत काढायला बोलावतात, मग प्रार्थनेला.’ शिवाय धावण्यात मी सगळ्यात मागे असते. आणि खुरपणं हा काय व्यायाम झाला? आता वाटतं, परक्या धर्माच्या जागेत आपलं काय काम? सोडून द्यावं का?»

तुम्हाला नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात प्रश्न पुष्कळ आहेत, पण एक सोडून बाकीचे नंतर येऊन चिकटलेले दिसतात. सासूबाई पहिल्या दिवसापासून बोलत होत्या, तरी तुम्ही चार गुरुवार गेलात. धावण्यात मागे होतात, तरी गेलात. चर्च पहिल्या गुरुवारीही चर्चच होतं. ब्रशचा प्रसंग घडला आणि मग एकदम धर्म आठवला, व्यायामाचा हिशेब आठवला, मैत्रिणीचं बोलणंही आठवलं. तुम्हाला लागलंय ते ‘थांबा’ हा शब्द लागलाय, तोही चारचौघांत. म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

आजोबांनी तुम्हाला का थांबवलं, हे त्यांनी नीट समजावलं नसावं. इंग्रज माणूस एकदा ‘थांबा’ म्हणाला की त्याची भरपाई करायला लगेच चहा देतो, पण कारण सांगायचं राहून जातं. ते मी सांगते.

तुम्ही ज्याला शेवाळ म्हणता ते बहुतेक शेवाळ नसणार. थडग्यांच्या दगडांवर करडे, पिवळे, राखाडी गोल ठिपके असतात, दगडावर चिकटलेल्या पोपड्यासारखे. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदून जे तयार होतं ते हे. आपण त्याला दगडफूल म्हणतो. हो, गोड्या मसाल्यात घालतो तेच. म्हणजे जात वेगळी, पण प्रकार तोच. दगडाला घट्ट चिकटून राहणाऱ्या जाती वर्षाला मिलिमीटरभर वाढल्या तरी पुष्कळ, काही तर त्याहून कमी. रुपयाएवढा ठिपका दिसला तर त्याच्यामागे कित्येक दशकं असू शकतात. इंग्लंडात डोंगरखडक नसलेल्या सपाट मुलखात दगडफुलाला राहायला जुना, न हलवलेला दगड मिळतो तो मुख्यतः चर्चच्या आवारात. ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या दगडफुलांच्या शेकडो जाती नुसत्या या आवारांमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. त्यात गंमत अशी की थडग्यावर साल कोरलेलं असतं, त्यामुळे दगड केव्हा बसवला ते ठाऊक असतं आणि दगडफूल किती वर्षांत किती वाढतं याचा हिशेब अभ्यासकांना मांडता येतो. तुम्ही वीस मिनिटांत जे घासून काढलंत, ते वाढायला कुणाच्या पणजीपासूनचा काळ लागला असेल.

दुसरं ब्रशचं. इंग्लंडातले जुने थडग्यांचे दगड पुष्कळदा चुनखडीचे किंवा वाळूच्या दगडाचे असतात. आपला काळा बेसॉल्ट नव्हे. तारेचा ब्रश फिरवला की वरचा थर निघतो आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. ब्लीच दगडात मुरतं, त्यातले क्षार आत राहतात आणि पुढे दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आज लख्ख दिसणारा दगड काही वर्षांनी वाचता येईनासा होतो.

तिसरं म्हणजे तो दगड चर्चचा नव्हताच. इंग्लंडच्या कायद्यात थडग्यावरचा दगड ज्याने बसवला त्याच्या मालकीचा असतो, त्याच्यानंतर ज्याच्या स्मरणार्थ तो बसवला त्याच्या वारसांचा. चर्चवॉर्डनलाही तो परस्पर घासता येत नाही. आवारातलं कुठलंही मोठं काम करायचं तर बिशपच्या प्रांताच्या चर्च-न्यायाधीशाची रीतसर परवानगी काढावी लागते, तिला ते ‘फॅकल्टी’ म्हणतात. लहानसहान कामांना सूट असते, पण तिचीही यादी ठरलेली आहे. एखादं थडगं महायुद्धातल्या सैनिकाचं असेल, तर त्याची देखभाल १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाकडे असते आणि त्यांचे नियम निराळे. म्हणजे आजोबा तुमच्यावर चिडले नव्हते, घाबरले होते. उद्या कुणाची नात सुट्टीत आली आणि तिने विचारलं, ‘आमच्या पणजोबांचा दगड कुणी पांढरा केला?’ तर उत्तर त्यांना द्यायचं आहे. आणि हे आजोबा पगारी नोकर नाहीत. चर्चवॉर्डन हा बिनपगारी माणूस, दर वर्षी निवडून आलेला.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमचा ट्रेकचा गट होता. रविवारी पहाटे निघायचं, गड चढायचा, वर टाक्यातला गाळ उपसायचा, प्लॅस्टिक गोळा करायचं आणि संध्याकाळी उतरायचं. सोमवारी हात वर होत नसत. गाळाची घमेली एका हातातून दुसऱ्या हातात देत दिवसभर उभं राहणं हा काय व्यायाम आहे ते जिमवाल्यांना कळायचं नाही. तर एकदा उतरताना पायथ्याच्या गावात देवळामागे एक वीरगळ पडलेली दिसली. मातीने, शेंदराने, तेलाने काळी झालेली. आम्हाला चेव आला. एकाच्या पिशवीत तारेचा ब्रश होता. दोघींनी मिळून अर्ध्या तासात ती ‘स्वच्छ’ केली. खालच्या चौकटीतली लढाई दिसायला लागली, आम्ही खूश. पुढच्या खेपेला अभ्यासक असलेले एक गृहस्थ बरोबर होते. त्यांनी वरच्या चौकटीतले चंद्र-सूर्य बोटाने चाचपले आणि इतकंच विचारलं, ‘ब्रश कुणाचा होता?’ कडा बोथट झाल्या होत्या. मी तेव्हा मुकाट्याने दुसरीकडे बघत राहिले. पुढचे दोन रविवार मीही गेले नाही, सर्दीचं कारण सांगितलं. तुमचे पाच गुरुवार झाले, एवढाच फरक.

तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा कुणाला काही आठवतही नव्हतं. सगळे गाळ किती उरलाय यावर भांडत होते.

आता बाकीचे प्रश्न. ते खोटे नाहीत, फक्त तुमच्या मनात त्यांचा क्रम चुकला होता.

खुरपणं हा व्यायाम आहे का? तुम्ही राहता तिथून उत्तरेला काही मैलांवर सॉनिंग कॉमन नावाचं गाव आहे. तिथल्या विल्यम बर्ड नावाच्या डॉक्टरांनी १९९८ च्या सुमाराला नेमका हाच विचार केला. पेशंटना ‘व्यायाम करा’ असं सांगून ते करत नाहीत, जिमचे पैसे भरतात आणि महिनाभराने बंद करतात. मग त्यांच्या हातात कुदळ, कुऱ्हाड, करवत दिली तर? निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेबरोबर त्यांनी ‘ग्रीन जिम’ सुरू केली. आधी अंग सैल करायचं, मग झाडं लावायची, झुडपं तोडायची, वाटा नीट करायच्या, शेवटी पुन्हा हातपाय ताणायचे. तुमच्या पायाखालच्याच मुलखातली कल्पना आहे ही. पुढे पूर्व लंडनमध्ये आयव्हो गॉर्मली यांनी ‘गुडजिम’ सुरू केली, तिच्यात धावणं आलं. धावत जायचं, काम करायचं, धावत परत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे धावत जाऊन चार गप्पा मारायच्या, असाही त्यांचा एक प्रकार आहे. त्या म्हाताऱ्या माणसाला त्यांनी ‘कोच’ असं नाव दिलं, कारण तो वाट बघत बसलाय म्हटल्यावर पावसातही धावायला जावंच लागतं. मला हे नाव फार आवडलं.

आता हिशेब तुमचाच. ब्रिटनची आरोग्यसेवा मोठ्या माणसांना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम. ब्रॅम्बलच्या, म्हणजे तिथल्या काटेरी झुडपाच्या मुळ्या उपटताना गाणं म्हणून बघा. चिखलाने भरलेली ढकलगाडी चढावर ढकलणं, ओल्या पानांच्या पिशव्या उचलणं, हे स्नायूंचंच काम आहे. जाण्यायेण्याचं आणि तासाभराच्या कामाचं धरलं तर एका गुरुवारी तुमचा आठवड्याचा निम्म्याहून जास्त वाटा निघून जातो. उरलेला चालून भरा. आणि साखर काठावर असलेल्या आपल्या लोकांनी हा हिशेब जरा काटेकोरपणे करावा, कारण दक्षिण आशियाई माणसाला मधुमेहाचा धोका कमी वजनालाच सुरू होतो. उंची-वजनाचा जो निर्देशांक आहे तो गोऱ्या माणसासाठी २५ पासून धोक्याचा धरतात, आपल्यासाठी २३ पासून. आरशात ‘मी काही जाड नाही’ असं दिसण्यावर जाऊ नका. तुमच्या डॉक्टरांनाही एकदा सांगून ठेवा की असं काम करते म्हणून.

मागे राहण्याचं म्हणाल, तर अशा गटात कुणीतरी शेवटच्या माणसाबरोबर राहायचं असतं. तसं कुणी नसेल, तर गटाच्या प्रमुखाला सरळ सांगा की मी दहा मिनिटं आधी चालत निघते, तिथे भेटू. काम सुरू होताना तुम्ही तिथे असलात म्हणजे झालं. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल: तुमच्या वयाच्या किती इंग्रज बायका टाचा टेकवून उकिडव्या बसून तण काढताना पाहिल्यात? बहुतेकजणी गुडघ्याखाली रबरी चटई घेऊन बसतात नाहीतर कंबरेत वाकतात आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरतात. भाजी निवडायला, रांगोळी काढायला जी बैठक आपण लहानपणापासून मारली, ती तिथे हेवा वाटावा अशी आहे. धावण्यात त्या पुढे असतील, खुरपण्यात तुम्ही असाल. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र मोठेपणा न करता चटई घ्या.

सासूबाईंचं. ‘तिन्हीसांज’ हा मुद्दा तर पंचांगातच बाद होतो. जूनच्या शेवटी रेडिंगला सूर्य सव्वानऊ उलटल्यावर मावळतो, संध्याकाळी सात वाजताही तिथे चांगलं ऊन असतं. घड्याळातला हा फरक त्यांना कुणी सांगितला आहे का? राहिला थडग्यांचा प्रश्न. आपलं स्मशान गावाबाहेर नदीकाठी, तिथे काम झालं की मागे वळून न पाहता यायचं. तेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आहे. चर्चच्या आवारात मात्र लग्नाची वरातही त्याच वाटेने जाते, बाळाचा बाप्तिस्माही तिथेच, आणि पोरं थडग्यांमध्ये लपाछपी खेळतात. शहरांतल्या कित्येक जुन्या आवारांत तर १८५० च्या दशकात कायदा झाला तेव्हापासून नवं दफनच बंद आहे. त्यांना वसईचं उदाहरण द्या. तिथे २ नोव्हेंबरला, सगळ्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आपल्यासारखीच मराठी बोलणारी माणसं कबरी स्वच्छ करतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. पितृपक्ष मानणाऱ्या बाईला हे समजायला अवघड नाही. सुतकाची शंका असेल तर सुतक आपल्या गोत्रातल्या, नात्यातल्या माणसाचं. आणि आल्याबरोबर आंघोळ करते, हे त्यांना शपथेवर सांगा. धावून, मातीत लोळून आल्यावर तुम्ही ती तशीही करताच.

मैत्रिणीच्या बोलण्याबद्दल मी इतकी हलकेपणाने बोलणार नाही. कुणी कामाच्या आडून प्रार्थनेला ओढत असेल, तर तिथून उठून यावं आणि गटाच्या प्रमुखाला सांगावं. पण तुमच्या पत्रात तसं घडल्याची एकही खूण नाही. चहा मिळाला, तेवढंच. उलट त्यांची अडचण काय आहे ते बघा. चर्च ऑफ इंग्लंडकडे सोळा हजारांच्या घरात चर्चच्या इमारती आहेत आणि त्यातल्या बारा हजारांहून जास्त कायद्याने संरक्षित. लोकांना वाटतं की राजाचं चर्च आहे तर सरकार पैसे देत असेल. तसं नाही. रोजच्या देखभालीचा भार गावातल्या त्या दहा-वीस म्हाताऱ्या माणसांवर असतो, जी रविवारी येतात. त्यांना गवत कापायला माणूस हवाय, भक्त मिळाला तर बोनस असेल, पण तुमच्याकडून त्यांची अपेक्षा खुरप्याचीच आहे.

याउपर ‘परक्या जागेत आपलं काय काम’ याला माझ्याकडे एक फार मजेशीर उत्तर आहे. इंग्लंडात ‘पॅरिश’ म्हणजे भक्तांची यादी नव्हे, ती जमिनीची हद्द आहे. चर्चवॉर्डन निवडायची जी वार्षिक सभा भरते, तिच्यात त्या हद्दीत राहणारा, स्थानिक मतदारयादीत नाव असलेला कुणीही माणूस मत देऊ शकतो. धर्म विचारत नाहीत. भारतीय पासपोर्ट असला तरी तिथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदारयादीत नाव घालता येतं. तुमचं घर त्याच पॅरिशमध्ये असेल, तर ज्या आजोबांनी तुम्हाला थांबवलं त्यांना पुढच्या वर्षी निवडून द्यायचं की नाही, हे तुम्हीही ठरवू शकता. त्यांना हे चहाच्या वेळी सांगा, हसतील.

मग आता काय करायचं? आजोबांना दोन ओळी लिहा. फार लांबण लावू नका, इंग्रजांना माफीपत्रापेक्षा माहिती मागितलेली आवडते. ‘त्या दिवशी घाई केली, मला ठाऊक नव्हतं. दगडफूल जपायचं असतं हे नंतर कळलं. गुरुवारी येते आहे, काय करू आणि काय करू नको ते सांगा.’ बस. त्या दगडाचं आता काही करू नका. पुन्हा धुवायला, रंग सारखा करायला जाऊ नका. तो आपोआप मळेल. त्याची नोंद कुठे करायची असेल तर ते करतील.

पुढच्या वेळी हातमोजे न्या, जाड. नेटल नावाच्या खाजऱ्या झुडपाचा चटका हातावर रात्रभर राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, नसेल आठवत तर विचारून घ्या. थडगं कलतं दिसलं तर त्याला टेकू नका आणि सरळ करायलाही जाऊ नका, अर्धा टन वजन असतं कधीकधी. आयव्हीचा वेल दगडावरून ओढायचा नाही. मुळाशी कापायचा की नाही, तेही विचारून. यूचं झाड असेल तर त्याच्या बिया, पानं तोंडाजवळ नेऊ नका, विषारी आहेत. पण झाडाकडे मान वर करून बघा, काही काही चर्चपेक्षाही जुनी असतात. आणि एखादा कोपरा मुद्दाम गवताळ ठेवलेला असतो, रानफुलांचं बी पडेपर्यंत. तो अस्वच्छ दिसतो म्हणून साफ करायचा मोह तुम्हाला होणार, मला माहीत आहे.

तुमच्या उत्साहाला खरं काम हवं असेल तर ते पानगळीत आहे. जुन्या चर्चला सगळ्यात जास्त मारतं ते पाणी. पन्हळी आणि जमिनीलगतची गटारं पानांनी तुंबतात, पाणी भिंतीत मुरतं, मग आतला गिलावा पडतो आणि लाखाचा खर्च येतो. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारती वाचवण्यासाठी जी संस्था काढली, तिचं आजही सांगणं हेच आहे की रोजची छोटी देखभाल करा, म्हणजे मोठी दुरुस्ती टळते. शिडीवर चढायचं काम तुमचं नाही, ते ज्याला शिकवलंय तो करेल. पण खालच्या जाळ्यांमधली पानं काढणं, भिंतीलगतची माती मागे ओढणं, हे खुरप्याने आणि घमेल्याने होतं. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की गुरुवारी संध्याकाळी अंधार असेल, तेव्हा डोक्याला दिवा लावून जा किंवा शनिवारच्या सकाळचं काम आहे का विचारा. सासूबाईंची तिन्हीसांज तेव्हा मात्र खरी असेल, त्यामुळे शनिवार बरा.

तारेचा ब्रश घरीच राहू द्या. तव्यासाठी चांगला असतो.

— तुमची ताई

ता. क. त्या दगडावरचं दगडफूल खरवडून मसाल्याला आणायचा विचार कुणाच्या मनात येईल, म्हणून लिहून ठेवते: नाही. जात वेगळी, शिवाय त्यावर तुम्ही ब्लीच ओतलंय.